मोठ्या टँकमध्ये सिक्लिड: कोण कोणाबरोबर राहील?

सिक्लिड म्हणजे हौसेनं पाळल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांचं एक मोठं कुळ. दुकानातल्या टाकीत सगळे सिक्लिड गुण्यागोविंदानं राहतात. ऑस्करच्या शेजारी एंजल, त्याच्या शेजारी पिवळाधमक आफ्रिकन, खाली वाळूत तोंड खुपसून बसलेला जिओफेगस. सगळे दीड-दोन इंचांचे, सगळे पोरवयातले. वयात आल्यावर मात्र सिक्लिड जागेवर हक्क सांगतो, जोडीदार शोधतो, पिल्लं राखतो, आणि या तिन्ही कामांत त्याला बाकीचे मासे अडचणीचे वाटू लागतात. म्हणून मासे घेताना समोरच्या पिल्लाऐवजी वर्षभरानंतरचा मासा डोळ्यांपुढे आणावा लागतो.

नवखी माणसं आधी मासे ठरवतात आणि मग त्यांना कसं बसवायचं याची चिंता करतात. क्रम बरोबर उलटा हवा. आधी टँकचं माप, मग घरचं पाणी, त्या पाण्याला साजेसा एक प्रदेश, त्या प्रदेशातला एक मुख्य मासा, आणि सगळ्यात शेवटी त्याचे सोबती.

पायरी १: टँक मोजा, उंचीवर भाळू नका

सिक्लिडची बहुतेक भांडणं तळाच्या जागेवरून होतात, त्यामुळे लिटरच्या आकड्याआधी लांबी-रुंदी बघा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ साधारण २५५ लिटर पाणी मावतं. ६ बाय २ बाय २ च्या टँकमध्ये ६८० लिटर. माशाच्या दृष्टीनं महत्त्वाचा फरक तळाचा: पहिल्याचा ६ चौरस फूट, दुसऱ्याचा १२. तीन फूट उंच टँक रुबाबदार दिसतो खरा, पण त्या जादा उंचीचा फायदा एंजल, डिस्कस अशा उभट माशांनाच होतो. शिवाय साफसफाईला हात तळापर्यंत पोचत नाही, ते वेगळंच.

रुंदीही सोडू नका. प्रौढ ऑस्कर फूटभर वाढतो. दीड फुटाहून अरुंद टँकमध्ये त्याला धड वळता येत नाही.

वजनाचं एकदाच सांगतो. ६८० लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचे ६८० किलो. काच, स्टँड, वाळू, दगड धरून टनाच्या जवळपास जातं. वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर आधी इमारतीच्या बांधकामातल्या जाणकाराला विचारा.

ढोबळ हिशेब असा: ४ फुटी टँक ४ ते ६ इंचांच्या माशांचा, ६ फुटी टँक ८ ते १२ इंचांच्या माशांचा. त्याहून मोठे होणारे जॅग्वार किंवा डोव्हीसारखे मासे ६ फुटातही एकटे किंवा फार तर जोडीनं ठेवायचे. डोव्ही तर दोन फुटांच्या पुढे जातो, तेव्हा त्याचं पिल्लू कितीही गोंडस दिसलं तरी पुढे चला.

पायरी २: नळाचं पाणी तपासा

पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग तपासा. नळातून ताज्या आलेल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पीएच कमी दाखवतो. तीन गोष्टी मोजायच्या: पीएच, जीएच म्हणजे एकूण जडपणा (पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार), आणि केएच म्हणजे पीएच धरून ठेवण्याची पाण्याची ताकद. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट भरवशाचं.

पाणी जड आणि पीएच ७.८ च्या वर असेल तर आफ्रिकेतल्या तळ्यांचे मासे तुमच्यासाठीच आहेत. मलावी तळ्यातल्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, टांगानिकाचा ८.६ ते ९.२. पाणी मृदू आणि पीएच ७ च्या आसपास किंवा खाली असेल तर दक्षिण अमेरिकेकडे वळा. मध्य अमेरिकेचे मासे मधल्या आणि किंचित जड पाण्यात खूश असतात.

पाणी बदलून मनासारखं करता येतं, नाही असं नाही. कोरलचा चुरा किंवा अ‍ॅरागोनाइट वाळू घातली की पीएच आणि जडपणा वर जातो. आरओचं पाणी मिसळलं, पीट (दलदलीतला कुजलेला पालापाचोळा) किंवा लाकूड घातलं की पाणी मृदू होतं. पण ६८० लिटरच्या टँकमध्ये दर आठवड्याला दोनशे-तीनशे लिटर पाणी बदलायचं असतं, आणि प्रत्येक वेळी तेवढं पाणी तयार करायचं म्हणजे छंदाची नोकरी होते. आपल्या नळाला मानवणारा मासा निवडणं कधीही सोपं. टँकमध्ये जन्मलेले बरेच सिक्लिड पीएचच्या थोड्याफार फरकाला जुळवून घेतात; रोज वरखाली होणारा पीएच मात्र कुणालाच सोसत नाही.

पायरी ३: एक टँक, एक प्रदेश

सिक्लिडच्या १,७०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. आफ्रिका आणि अमेरिकेत त्यांची गर्दी, आणि भारत-श्रीलंकेच्या किनारपट्टीवर करीमीन म्हणून ओळखला जाणारा ग्रीन क्रोमाइडही याच कुळातला. या सगळ्यांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. अन्न चावायचं काम ती करते, त्यामुळे पुढचे ओठ-दात खरवडायला, ओरबाडायला, वाळू चाळायला मोकळे राहतात. म्हणूनच एकेका तळ्यात शेकडो प्रकारची तोंडं आणि शेकडो प्रकारचे स्वभाव तयार झाले. ‘सिक्लिड सिक्लिडबरोबर चालतो’ या वाक्याला त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

मलावीपासून सुरुवात करू, कारण नवख्यांचा ओढा तिकडेच असतो. तिथले टँकमध्ये येणारे मासे तीन गटांत बसतात. पहिला म्बुना, खडकांत राहणारे. इलेक्ट्रिक यलो, रस्टी, डेमासोनी, रेड झेब्रा, ऑरेटस, केन्यी हे सगळे म्बुना. बहुतेक जण दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातात. दिवसभर हलत राहतात, दिवसभर खेकसत राहतात. दुसरा गट पीकॉक: वाळूवर स्थिर तरंगायचं, डोक्यावरच्या संवेदी छिद्रांनी वाळूत लपलेल्या किड्यांची हालचाल टिपायची आणि झडप घालायची. स्वभाव तुलनेनं शांत. तिसरा हॅप: उघड्या पाण्यात फिरणारे, बरेचसे शिकारी. इलेक्ट्रिक ब्लू म्हणून मिळणारा फ्रायेरी, बोर्लेयी, कपाळाला टेंगूळ येणारा ब्लू डॉल्फिन, जिराफसारख्या ठिपक्यांचा व्हेनुस्टस हे त्यातले. व्हेनुस्टसचा भाऊबंद लिव्हिंगस्टोनी तर तळाशी मेल्यासारखा आडवा पडतो आणि टोचून बघायला आलेल्या लहान माशांना गिळतो. ही नक्कल टँकमध्ये कधी कधी दिसते, तेव्हा मासा मेला म्हणून जाळी घेऊन धावू नका.

म्बुना आणि पीकॉक एकत्र ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि बहुतेक वेळा त्यात पीकॉकचे हाल होतात. म्बुनाच्या गोंधळात तो रंग धरत नाही, कोपऱ्यात राहतो. अपवाद इलेक्ट्रिक यलो आणि रस्टीचा. हे दोघे म्बुनांमधले सौम्य, आणि यलो तर किडेमुंग्याही आवडीनं खातो, त्यामुळे ते पीकॉकबरोबर खपून जातात. खाण्याचा प्रश्न भांडणाइतकाच मोठा आहे. शेवाळ खाणाऱ्या म्बुनाला रोज जड, प्रथिनांनी भरलेलं खाणं मिळालं की पोट फुगणं, खाणं सोडणं, पांढरी धाग्यासारखी विष्ठा अशी लक्षणं दिसू लागतात. याला मलावी ब्लोट म्हणतात, आणि तो उशिरा लक्षात आला तर मासा क्वचितच वाचतो. एकाच वेळी शाकाहारी आणि मांसाहारी पंगत वाढता येत नसेल तर ते दोघे एका टँकमध्ये नकोत.

टांगानिकाचे मासे रंगानं साधे आणि वागण्यानं भन्नाट. जेमतेम दोन इंचांचा मल्टी रिकाम्या शंखांत घर करतो, वाळू उपसून आपल्या शंखाभोवती खड्डा करतो आणि हाताच्या बोटावरही चालून येतो. ब्रिचार्डीच्या घरात आधीच्या विणीची पोरं धाकट्यांना राखतात. सुरुवातीची एक जोडी अशी वाढत वाढत सगळा टँक ताब्यात घेते, त्यामुळे ब्रिचार्डी शक्यतो एकटे. ट्रोफियस पंधरा-वीसच्या घोळक्यातच ठेवायचे, खाणं काटेकोर शाकाहारी. नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. फ्रंटोसा दिसायला शांत, चालायला संथ, पण फूटभर वाढतो आणि अंधारात लहान मासे सावकाश टिपतो.

मध्य अमेरिका म्हणजे दांडगाईचं राज्य. कन्व्हिक्ट, फायरमाउथ, जॅक डेम्प्सी, टेक्सास, रेड डेव्हिल, जॅग्वार. जॅक डेम्प्सीला मुष्टियोद्ध्याचं नाव उगाच मिळालेलं नाही. फायरमाउथचा थाट मोठा: गळ्याखालची लाल पिशवी फुगवून अंगावर येतो, पण बराचसा आव असतो. खऱ्या मारकुट्यासमोर तो आव टिकत नाही, त्यामुळे जॅक डेम्प्सी किंवा रेड डेव्हिलबरोबर ठेवलेला फायरमाउथ मार खातो. इथले बहुतेक मासे जोडी बांधतात, सपाट दगडावर अंडी घालतात आणि पुढचे काही आठवडे अर्धा टँक आपला समजतात. पाच इंचांचा कन्व्हिक्ट पिल्लं असताना दुप्पट मोठ्या माशाला पिटाळतो.

दक्षिण अमेरिकेत मात्र निवडीला भरपूर वाव आहे. एंजल, डिस्कस, सेव्हेरम, फेस्टिव्हम, वाळू चाळणारे जिओफेगस, कीहोल, इलेक्ट्रिक ब्लू अकारा, आणि मोठ्यांत ऑस्कर. डिस्कसला २८ ते ३० अंश तापमान लागतं, खाणं हळूहळू, स्वभाव भित्रा. त्याच्याबरोबर दुसरा मोठा सिक्लिड नकोच. ग्रीन टेरर नावाप्रमाणे वागतो. अकारांच्या कुळातला आहे म्हणून इलेक्ट्रिक ब्लू अकाराइतका सौम्य असेल असं समजू नका.

फ्लॉवरहॉर्न आणि ब्लड पॅरट हे माणसानं घडवलेले संकर, कुठल्याच नदीचे नाहीत. फ्लॉवरहॉर्न एकटा ठेवावा, यात वाद घालण्यासारखं काही नाही. ब्लड पॅरटचं तोंड नीट मिटत नाही, त्यामुळे चावाचावीत तो हरतो. सेव्हेरमसारख्या शांत, आडव्या बांध्याच्या माशांबरोबर त्याचं जमतं.

पायरी ४: भांडण कशावरून होतं ते समजून घ्या

एवढं कळलं की याद्या पाठ करायची गरज राहत नाही.

पहिलं कारण साधर्म्य. नर सगळ्यात जास्त तुटून पडतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर. निळ्या-काळ्या उभ्या पट्ट्यांचा डेमासोनी आणि तशाच पट्ट्यांचा दुसरा म्बुना एकत्र आले तर दोघांनाही समोरचा आपलाच प्रतिस्पर्धी वाटतो. म्हणून जाती निवडताना रंग, पट्टे आणि अंगाचा आकार वेगवेगळा ठेवा. एक पिवळा, एक निळा पट्टेरी, एक तांबूस-जांभळा, असं. याचा दुसरा फायदा असा की संकर टळतो. इलेक्ट्रिक यलो आणि रेड झेब्रा यांची मिश्र पिल्लं सर्रास होतात, आणि पीकॉकच्या माद्या तर एकमेकींपासून ओळखणंही कठीण.

दुसरं कारण विणीची पद्धत. मलावीतले मासे तोंडात अंडी धरणारे. नर नाचून मादीला बोलावतो, मादी अंडी तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे न खाता पिल्लं सांभाळते. नर लगेच दुसरीच्या मागे. अशा नराला एकच मादी दिली तर तिला क्षणाची उसंत मिळत नाही आणि ती मरते. एका नरामागे तीन-चार माद्या, हे प्रमाण त्यासाठी. जोडी बांधणाऱ्या अमेरिकन माशांचं उलट आहे. तिथे पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची, त्यांच्यातून आपसूक जोडी जमू द्यायची आणि उरलेले बाहेर काढायचे. दुकानातून आणलेले एक नर आणि एक मादी एकमेकांना पसंत करतीलच असं नाही, आणि नापसंत मादीला नर जिवंत ठेवत नाही.

तिसरं कारण नजर. एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकापर्यंत सगळं बघू शकत असेल तर सगळा टँक त्याचाच. मधे दगडांची रास, उभं लाकूड आलं की हद्दी पडतात. हद्द डोळ्यांना दिसली की मासा तिथून मागे फिरतो.

म्बुनांच्या बाबतीत आणखी एक युक्ती चालते: थोडी दाटी ठेवणं. मासे कमी असले की दादा मासा एकाच दुबळ्याच्या मागे लागतो. संख्या वाढवली की मार वाटला जातो. डेमासोनी पाच-सहा ठेवले तर शेवटी एक-दोनच उरतात. बारा-पंधरा ठेवले तर बहुतेक टिकतात. ही दाटी फक्त दमदार फिल्टर आणि नेमानं पाणी बदलणाऱ्यालाच परवडते. आणि ही युक्ती ऑस्कर-सेव्हेरमच्या टँकला लावू नका. तिथे दाटीनं फक्त घाण वाढते.

पायरी ५: मुख्य मासा ठरवा, मग सोबती

काही जमलेले मेळ सांगतो. आकडे प्रौढ माशांचे आहेत.

४ फुटी टँक, जड पाणी: बारा डेमासोनी आणि सहा इलेक्ट्रिक यलो. दोनच जाती, पण निळा आणि पिवळा एवढा खुलतो की तिसरीची उणीव भासत नाही. नवख्यासाठी माझी पहिली पसंती हीच. ६ फुटी असेल तर पंधरा डेमासोनी, आठ यलो, आठ रस्टी. पिल्लांत नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून यलो आणि रस्टी थोडे जास्त आणा आणि मोठे झाल्यावर जादा नर काढा. ऑरेटस आणि केन्यी यात नकोत. दोघेही स्वस्तात मिळतात, देखणे असतात, आणि दोघांचेही वयात आलेले नर टँक रिकामा करतात.

६ फुटी टँक, फक्त नर: पीकॉक आणि हॅपचे बारा ते पंधरा नर, प्रत्येक जातीचा एकच, कुणाचाही रंग दुसऱ्याशी न मिळणारा. मादी एकही नको. एक जरी मादी शिरली तर सगळे नर तिच्यावरून भांडतात. सगळ्यात रंगीत टँक हाच होतो, पण प्रौढ, रंग धरलेले नर महाग पडतात आणि पिल्लांतून निवडायचं तर नशिबावर सोडावं लागतं. व्हेनुस्टससारखा १० इंचांचा शिकारी यात घालायचा असेल तर बाकीचेही त्याच्या तोंडात न मावणारे हवेत.

६ फुटी टँक, मृदू ते मध्यम पाणी: सहा जिओफेगस, दोन सेव्हेरम, पाच-सहा फेस्टिव्हम, तळाला शेवाळ खाणारा ब्रिसलनोज कॅटफिश. बारीक वाळू, लाकूड, मंद उजेड. जिओफेगस तोंडभर वाळू घेऊन कल्ल्यांतून सोडत राहतात. खडी टोकदार असेल तर त्यांचे कल्ले सोलतात, म्हणून वाळूबाबत तडजोड नाही. एंजल घालायचे तर फेस्टिव्हमऐवजी. आणि एंजलबरोबर निऑन टेट्रा ठेवू नका, मोठा एंजल त्यांना खाऊन टाकतो.

ऑस्कर हवाच असेल तर ६ फुटीत दोन ऑस्कर, दोन सेव्हेरम आणि सहा सिल्व्हर डॉलर. ऑस्कर तोंडात मावेल ते सगळं गिळतो, सजावट उलथतो, हीटरला धडका देतो. हीटर संपमध्ये (टँकखाली ठेवलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) ठेवा किंवा त्याला जाळी बसवा. ऑस्कर माणसाला ओळखतो, खाण्याच्या वेळी काचेशी येतो, आणि अनेकांचा जीव त्यातच गुंततो. पहिल्या काही महिन्यांत तो महिन्याला इंचभर वाढतो, त्यामुळे ‘आत्ता दोन फुटीत ठेवू, पुढचं पुढे’ हा बेत फार लवकर फसतो.

टांगानिकाचा टँक मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण तिथे एकच जागा तीन मजल्यांत वाटून देता येते. वाळूवर एका बाजूला पंधरा-वीस शंख आणि मल्टींची वसाहत, दुसऱ्या बाजूला दगडांच्या फटींत ज्युलिडोक्रोमिसची जोडी, आणि वरच्या पाण्यात बारा सिप्रिक्रोमिसचा थवा. ५-६ फुटी टँकला हे उत्तम. सिप्रिक्रोमिस उडी मारतात, झाकण घट्ट हवं.

मध्य अमेरिकेसाठी ४ फुटीत फायरमाउथची एक जोडी आणि दहा-बारा स्वोर्डटेल. स्वोर्डटेल त्याच भागातले, वरच्या पाण्यात फिरणारे. ते बिनधास्त फिरताना दिसले की फायरमाउथलाही धोका नाही असं वाटतं आणि तो बाहेर येतो.

पायरी ६: दगड, फिल्टर आणि धीर धरणं

दगड आधी, वाळू नंतर. सिक्लिड उकरतात. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू त्यांनी उपसली की रास काचेवर कोसळते. तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची जाळी किंवा पातळ फोम टाका, त्यावर मोठे दगड बसवा, हलवून बघा, मग वाळू भरा. म्बुनांसाठी रास पाण्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत जाऊ द्या. प्रत्येक फटीला दोन तोंडं असावीत, म्हणजे आत घुसलेला दुबळा मासा कोंडला जात नाही.

फिल्टर तासाला टँकच्या सहा ते दहापट पाणी फिरवणारा. मोठ्या टँकला एकाऐवजी दोन कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर) लावले तर एक बंद पडला तरी निभावतं. संप जमत असेल तर त्याहून उत्तम.

मग टँक सायकल करा. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया एका प्रकारचे जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासे न टाकता, बाटलीतला शुद्ध अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) घालत राहा. घातलेला सगळा अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसला की फिल्टर तयार. आफ्रिकन टँकवाल्यांनी यात घाई मुळीच करू नये, कारण पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विषारी. ८.५ पीएचला थोडासा अमोनियाही कल्ले जाळतो.

पायरी ७: कोण आधी, कोण शेवटी

नवीन मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. मोठ्या टँकमध्ये आलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणजे ६८० लिटर पाण्याला औषध घालणं. तिथे दहापट खर्च आणि दहापट डोकेदुखी.

मुख्य टँकमध्ये सोडताना सगळ्यात शांत आधी, सगळ्यात तापट शेवटी. आधी आलेल्याला जागेचा हक्क मिळतो, आणि शांत माशाला तेवढं झुकतं माप हवं असतं. म्बुनांचं मात्र वेगळं: सगळ्या जाती सारख्याच वयाच्या आणि मापाच्या आणा, एकाच वेळी सोडा. टँक पूर्ण सायकल झालेला असेल तर एकदम भरलेला भार झेपतो.

चालू टँकमध्ये नवा मासा सोडायचा तर आधी दगडांची मांडणी बदला. जुन्या हद्दी मोडल्या की सगळेच नवखे होतात. पोटभर खायला घाला, दिवे मालवा आणि मग सोडा. एकट्यादुकट्या माशापेक्षा तीन-चार एकत्र सोडलेले बरे.

पायरी ८: पहिले काही महिने डोळ्यांत तेल घालून

रोज दहा मिनिटं नुसतं बसून बघा. पाठलाग, पंख फुगवणं, तोंडाला तोंड लावून ढकलाढकली, हे सगळं चालतं. फाटलेले पंख, उडालेले खवले, वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपामागे लपून राहिलेला मासा, खाण्याला न येणारा मासा, हे चालत नाही. मार खाणाऱ्याला काढून उपयोग थोडाच. तो गेला की दादा दुसरा शोधतो. मारणाऱ्यालाच आठवडाभर वेगळं ठेवा, दगड हलवा आणि मग परत सोडा. तरीही तेच चाललं असेल तर त्याची कायमची रवानगी. यासाठी एक रिकामा, फिल्टर चालू असलेला छोटा टँक हाताशी असायलाच हवा. तो नसेल तर सिक्लिड ठेवायला अजून वेळ आहे.

आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढून, तापमान जुळवून. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवायचा, २० च्या खाली राहिला तर फारच छान. मासे जास्त असले की नायट्रेट कसा चढतो हे किटवर स्वतःच बघाल.

टँक नीट बसला की पिल्लं होणारच, आणि सिक्लिड पालक म्हणून इतके चोख असतात की ती वाचतातही. सगळी ठेवायला जागा नसते. मोठ्या टँकवाल्या ओळखीच्यांना द्या, दुकानदाराला विचारा. नदी, तलाव, विहीर यांत एकही सोडू नका. टिलापियासारख्या सिक्लिडनी परक्या पाण्यात तिथल्या मूळ माशांना कसं मागे लोटलं, हे जगभर दिसलं आहे. आणि मिश्र टँकमधली पिल्लं देताना त्यांचे आईबाप कोण ते सांगा. ठाऊक नसेल तर ‘संकर असू शकतो’ म्हणूनच द्या, म्हणजे पुढचा माणूस त्यांना शुद्ध जातीचं नाव लावून वाढवणार नाही.